तीन सेन्सर बदलले तरी घाटात ट्रकचा पिकअप जातो: आता काय तपासावे?

चोपडा, केळी वाहतूक (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे २०१७ सालचा, बीएस-४ प्रतीचा, सहा सिलिंडरच्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनाचा दहाचाकी ट्रक आहे. दोन वर्षांपूर्वी तो वापरलेलाच विकत घेतला आणि तेव्हापासून चोपडा, यावल, रावेर भागातली केळी उत्तरेकडे नेण्याचे काम त्यावर सुरू आहे. शिरपूरहून आग्रा रोडला लागल्यावर पळासनेरपर्यंत गाडीची काही तक्रार नसते. पण बिजासन घाटाचा चढ सुरू होऊन इंजिनावर पूर्ण भार आला, की एकाएकी चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप जातो आणि कितीही रेस दिली तरी आरपीएमचा काटा १५०० च्या पुढे सरकत नाही. गाडी उभी करून चावी बंद-चालू केली की पुन्हा काही वेळ ती ठीक चालते.

गेल्या महिन्यापासून आणखी एक प्रकार सुरू झाला आहे. दुपारच्या उन्हात दोन-अडीच तास सलग चालल्यावर इंजिन चालता चालता बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्धा-पाऊण तास केबिन कलती करून ठेवली, की पहिल्याच सेल्फला चालू होते.

डिझेल फिल्टर आणि वॉटर सेपरेटर नवे आहेत, लाइनमध्ये हवा नाही. महामार्गावरच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा चार कोड निघाले: एसपीएन १०२ एफएमआय ४, एसपीएन १५७ एफएमआय ४, एसपीएन ३५०९ एफएमआय ४ आणि एसपीएन ६३६ एफएमआय २. मेस्तरींनी त्यावरून बूस्ट प्रेशर सेन्सर आणि रेल प्रेशर सेन्सर असे दोन्ही बदलले. त्याच दिवशी त्यांनी कूलंटच्या तापमानाचा सेन्सरही मोजला. तो २५०० ओहम दाखवायला हवा होता आणि ११०० च दाखवत होता, म्हणून तोही बदलला. तीन नवे सेन्सर बसवून निघालो आणि पुढच्याच फेरीत घाटात पुन्हा तेच झाले. माल केळीचा असल्यामुळे वाटेत एक रात्र मुक्काम पडला, तरी खालच्या थरातले घड पिवळे पडू लागतात आणि बाजारात त्याचा भाव मिळत नाही. आता इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल असे मला सांगितले जात आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, हे कृपया कोणी सांगेल का?

जळगाव, ऑटो वायरमन

भाऊ, कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका. आपण चारही कोड एफएमआयसह लिहिले, हे फार चांगले केले, कारण दोषाचा धागा त्यातच आहे.

एसपीएनचा आकडा कोणत्या मोजमापाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, आणि एफएमआयचा आकडा तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. १०२ म्हणजे बूस्टचा, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब, ६३६ म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या स्थितीचा सिग्नल. एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज मर्यादेच्या वर गेले आहे, ४ असेल तर मर्यादेच्या खाली गेले आहे, ५ असेल तर सर्किट बहुधा तुटलेले आहे, आणि २ असेल तर सिग्नल येतो पण तो अधूनमधून तुटतो किंवा त्याचा मेळ बसत नाही. यातले एकही वाक्य ‘सेन्सर खराब आहे’ असे म्हणत नाही. कोड सर्किटचा असतो, आणि सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, वायर, अर्थ आणि कॉम्प्युटर असे सगळेच आले.

आता आपला तिसरा कोड पाहा, ज्याकडे कोणीच लक्ष दिले नाही. एसपीएन ३५०९ हा कोणत्याही सेन्सरचा कोड नाही. कॉम्प्युटर सेन्सरांना जो ५ व्होल्टचा पुरवठा करतो, त्यातल्या पहिल्या पुरवठ्याचा तो कोड आहे. गाडीची बॅटरी २४ व्होल्टची असली तरी बूस्ट, रेल प्रेशर यांसारखे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि एकाच पुरवठ्यावर बहुधा दोन-तीन सेन्सर जोडलेले असतात. त्या ५ व्होल्टच्या वायरीला कोठेही चासी लागली, किंवा त्यावरचा एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर त्या वायरीवरच्या सर्वांचे व्होल्टेज एकदम खाली बसते आणि सर्वांचे एफएमआय ४ एकाच क्षणी उमटतात. एका विहिरीवर तीन मळ्यांचे पाणी चालत असेल आणि मुख्य पाइप फुटला, तर तिन्ही मळ्यांतली ठिबक बदलून काय उपयोग? विहिरीजवळच जाऊन पाहावे लागते.

तपासणी या क्रमाने करा. प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची टोके आणि इंजिनाची अर्थ पट्टी पाहा. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावली, तर फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असला पाहिजे. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी अर्थ घासून घट्ट करा, कारण खराब अर्थ असलेल्या गाडीत पुढची सगळी मापे फसवतात. त्यानंतर बूस्ट सेन्सरचा कपलर काढा, चावी चालू ठेवा, इंजिन बंद ठेवा आणि कपलरमधल्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांमधले व्होल्टेज मोजा. ते ४.९ ते ५.१ च्या दरम्यान यायला हवे. मीटर तसाच लावून ठेवून दुसऱ्या माणसाला इंजिनावरची वायरिंग कॉम्प्युटरपासून सेन्सरपर्यंत वीतभर-वीतभर हलवायला, दाबायला सांगा. आकडा ज्या जागी पडेल, दोष त्या जागी आहे. हलवूनही आकडा कायम कमीच असेल, तर त्या पुरवठ्यावरचे सेन्सर चावी बंद करून एकेक सोडवा. जो सोडवल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे सोडवूनही येत नसतील, तरच वायरिंग किंवा कॉम्प्युटरचा विचार करायचा.

दोन गोष्टी कृपया टाळा. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमधला बल्ब या वायरींना लावू नका. त्याचा करंट कॉम्प्युटरच्या सर्किटला झेपत नाही. आणि मीटरची जाड पिन कपलरच्या बारीक टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल रुंदावले, की सेन्सर नवा असूनही कनेक्शन ढिले राहते आणि तो दोष शोधायला महिना जातो.

कूलंटच्या सेन्सरबद्दल मनापासून वाईट वाटले, कारण तो बहुधा चांगला होता. हा सेन्सर तापमान वाढले की रोध कमी करतो. प्रचलित प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ४० अंशांना सुमारे १२००, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १९० च्या आसपास, असा त्याचा उतार असतो. तक्त्यात पहिला आकडा २० अंशांचा असतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी गॅरेजच्या पत्र्याखाली २० अंश कोठून येणार? ४२ अंशांत त्याने ११०० दाखवले, म्हणजे त्याने बरोबर मोजले. जुना सेन्सर फेकला नसेल तर स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घेऊन, त्यात थर्मामीटर आणि सेन्सरचे टोक सोडून, पाणी निवत असताना आकडे लिहून पाहा. रोध सलग वाढत गेला आणि मध्ये कोठे उडी मारली नाही, तर तो सेन्सर उत्तम आहे.

इंजिन बंद पडण्याचा प्रकार मात्र मला वेगळा वाटतो. त्याबद्दल वरचे माप आल्यावर लिहितो.

भुसावळ, मालवाहतूक

वायरमन काकांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य आहे. माझ्याकडे सहा गाड्या आहेत आणि माझ्या अनुभवात सेन्सर स्वतः मरण्यापेक्षा त्याची वायर मरण्याचे प्रसंग जास्त आले आहेत, म्हणून वायर कोठे मरते ते सांगतो.

पहिले कारण उंदीर. केळी, मका, सरकी असा माल वाहणारी गाडी दोन-चार दिवस शेताच्या कडेला उभी राहिली, की उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि वायरिंगचे आवरण कुरतडतात. वरून काळी नळी शाबूत दिसते, आतली वायर उघडी असते. नळीला लांबीत जी चीर असते ती उघडून आत पाहिल्याशिवाय वायरिंग चांगली आहे असे म्हणू नये. दुसरे कारण वॉशिंग सेंटर. प्रेशरचे पाणी थेट कपलरवर मारले की रबरी सील असूनही आत ओल शिरते आणि काही महिन्यांनी पिनांवर हिरवा थर चढतो. तिसरे कारण वेल्डिंग. फाळका किंवा हूक जोडताना बॅटरीची टोके न काढता वेल्डिंग केले, तर तो करंट अर्थमधून कॉम्प्युटरपर्यंत पोहोचू शकतो. आपण गाडी वापरलेली घेतली आहे, तेव्हा आधीच्या मालकाने बॉडीचे काम कोठे केले होते तेही पाहून घ्या. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नळीला पडलेली भोके ओळखू येतात.

सेन्सर घ्यावाच लागला तर जुन्याच्या अंगावर कोरलेला पूर्ण क्रमांक दुकानदाराला दाखवा. कपलर बसतो म्हणजे सेन्सर तोच असे नाही. दिसायला हुबेहूब असलेल्या दोन रेल सेन्सरांपैकी एक १६०० बारपर्यंतचा आणि दुसरा १८०० बारपर्यंतचा असू शकतो. चुकीचा बसला तर कॉम्प्युटर सगळा हिशेब चुकीच्या दाबावर करतो आणि कोडही उमटत नाही.

चोपडा, केळी वाहतूक

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल दिवसभर गाडी घरासमोर उभी करून मुलाच्या मदतीने तपासणी केली. सापडलेली गोष्ट सविस्तर लिहितो.

अर्थचा फरक ०.२ व्होल्ट आला. बूस्टच्या कपलरवर ५.०२ व्होल्ट आले आणि मला वाटले की येथे काही निघणार नाही. मुलगा मागून वायरिंग हलवत पुढे येत होता. चासीवरून इंजिनाकडे वळणाऱ्या झुबक्यावर त्याने हात टेकवला आणि आकडा ५.०२ वरून थेट ०.३ झाला. हात उचलला की परत ५.०२. तेथे वायरिंग धरणारी क्लिप कधीतरी तुटलेली होती आणि तिच्या जागी कोणीतरी सुतळी बांधली होती. सुतळी सैल होऊन झुबका लोखंडी ब्रॅकेटच्या कडेवर टेकला होता. नळी उघडली तर बोटाच्या एका पेराएवढ्या जागेत तीन वायरींचे आवरण घासून गेले होते; त्यांतल्या एकीचे तांबे कडेला घासून चकचकीत झाले होते आणि बाकीच्या दोघींचे हिरवे पडले होते. ब्रॅकेटवरही तेवढ्याच जागेचा रंग गेलेला आहे.

घाटातच असे का होत होते, तेही त्यावरून उमगले. सपाट रस्त्यावर झुबका ब्रॅकेटला जेमतेम लागतो. चढावर पूर्ण भार घेताना इंजिन माउंटिंगवर एका अंगाला कलते आणि तो कडेवर दाबला जातो.

दोन प्रश्न उरले आहेत. वायर कशी जोडावी? आणि गरम झाल्यावर बंद पडण्याचे काय? शिवाय काम करताना आढळले, की गॅरेजमध्ये बदललेल्या रेल प्रेशर सेन्सरच्या बुडाशी डिझेलची ओल आहे. थेंब पडत नाही, पण पुसले तरी इंजिन चालवल्यावर पुन्हा ओलसर होते. पाना घेऊन थोडे आवळले तर चालेल का?

धुळे, डिझेल पंप व इंजेक्टर काम

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते जिवाशी निगडित आहे. इंजिन चालू असताना त्या सेन्सरला पाना लावू नका आणि ओल कोठून येते हे बोटाने चाचपून पाहू नका.

कॉमन रेलमध्ये इंजिन नुसते उभे चालू असतानाही सुमारे ३०० ते ४०० बार दाब असतो आणि भाराखाली तो हजार बारच्या कितीतरी पुढे जातो. केसाएवढ्या फटीतून निघालेली डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. असे कोणाला झाले तर मलम लावून घरी न बसता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते आणि तेथे ‘उच्च दाबाचे डिझेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो.

आता कामाचे. हा सेन्सर वॉशरवर बसत नाही. त्याच्या टोकाची धातूची कडा रेलमधल्या बैठकीवर दाबली जाते आणि धातूवर धातू असेच सील तयार होते. बसवताना धुळीचा एक कण मध्ये राहिला तर तेथे बारीक ओरखडा उठतो आणि तेथूनच ओल येते. नुसते आवळून ती तात्पुरती थांबेलही, पण जास्त आवळल्याने सेन्सरची आतली पातळ पडदी ताणली जाते आणि तो दाब चुकीचा दाखवू लागतो. म्हणून इंजिन बंद करा, बॅटरी सोडवा, रेलमधला दाब उतरायला आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा, आणि तो माहीत नसेल तर निदान १० मिनिटे तरी थांबा. सेन्सरभोवतीची जागा धुऊन वाळवा, मगच तो काढा. बैठक भिंगाने पाहा. ती स्वच्छ असेल तर टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापानेच बसवा. ओरखडा दिसला तर गाडी डिझेलच्या कारखान्यात आणा. हे एक काम तरी रस्त्याच्या कडेला करू नये, एवढीच विनंती.

बसवल्यावर चावी चालू आणि इंजिन बंद असताना सिग्नलच्या वायरीवर साधारण ०.५ व्होल्ट आले पाहिजेत. रेल रिकामी असताना हा सेन्सर शून्य व्होल्ट दाखवत नाही, ०.५ दाखवतो, त्यामुळेच वायर तुटली आहे की दाबच नाही, हे कॉम्प्युटरला ओळखता येते.

जळगाव, ऑटो वायरमन

भाऊ, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. वायरी नुसत्या पिळून काळी टेप मारू नका, इंजिनाच्या हादऱ्यांनी ती जोड सुटते. हिरवे पडलेले तांबे स्वच्छ भाग लागेपर्यंत कापून टाका, त्याच जाडीची वायर घाला, योग्य पान्याने क्रिंप करा आणि वर गोंद असलेली श्रिंक नळी तापवून बसवा. तीन जोड एकाच जागी न घेता थोड्या अंतराने घ्या. नवी क्लिप बसवून झुबका ब्रॅकेटपासून चांगला दोन बोटे दूर राहील असे करा, आणि इंजिनाच्या हालचालीपुरता ढिलेपणाही ठेवा.

आता बंद पडण्याबद्दल. एसपीएन ६३६ आणि एफएमआय २ हा कोड ५ व्होल्टच्या दोषाशी जुळत नाही, कारण आपल्या गाडीतला क्रँक सेन्सर बहुधा चुंबकावर गुंडाळलेल्या वेटोळ्याचा आहे आणि त्याला पुरवठा लागतच नाही. फ्लायव्हील फिरले की तो स्वतःच सिग्नल तयार करतो. कपलरला दोन वायरी असतील तर तो याच प्रकारचा समजा. तिसरी असली तरी ती कधीकधी नुसती शील्ड असते. खात्री नसेल तर ओहम मोजण्याआधी चावी चालू करून गाडीकडच्या कपलरवर व्होल्टेज पाहा. ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा येत असेल तर तो हॉल प्रकारचा, म्हणजे पुरवठ्यावर चालणारा सेन्सर आहे आणि त्याला ओहमवर मोजायचे नसते.

वेटोळ्याचा सेन्सर थंड असताना बहुधा ८०० ते ९०० ओहमच्या आसपास दाखवतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून ३० अंशांना ८७० दाखवणारा सेन्सर ९० अंशांना १०७० च्या आसपास जाणे स्वाभाविक आहे. पण आतला तारेचा सांधा तुटलेला असेल, तर थंड असताना तो टेकलेला राहतो आणि गरम होऊन फाकला की रोध अनंत दाखवतो. गाडी निवल्यावर कोणत्याही गॅरेजमध्ये नेली तरी तो सेन्सर उत्तमच दिसणार. म्हणून गाडी बंद पडली त्याच क्षणी, निवण्याआधी मोजायला हवे. चालकाला सांगून ठेवा, की बंद पडल्यावर सेल्फ मारताना आधी आरपीएमचा काटा पाहावा. सेल्फ फिरत असताना काटा जराही हलत नसेल, तर संशय बळावतो.

बदलताना फ्लायव्हील हाउसिंगमधला सेन्सर अडकून बसलेला असतो. पेचकसने उचकटला तर तो तुटून टोक आत राहते. भोवती गंज सोडवणारे तेल मारून, थोडे थांबून, डावी-उजवीकडे फिरवत ओढा. टोकाला लोखंडी चुरा चिकटलेला असेल तर पुसून घ्या. चुरा भरपूर असेल तर फ्लायव्हीलच्या दातांकडेही पाहावे लागेल. नव्या सेन्सरची लांबी जुन्याशी ताडून पाहा, ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट फिरवा आणि हाताने दाबून बसवा, हातोडी वापरू नका. ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात.

चोपडा, केळी वाहतूक

उशिरा कळवत आहे, कारण दोन फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

वायरी सांगितल्याप्रमाणे जोडल्या. धुळ्याला रेलची बैठक तपासून घेतली. ती चांगली होती, सेन्सरच्या कडेखाली वाळूचा कण निघाला. स्वच्छ करून मापाने बसवल्यावर ओल थांबली. क्रँक सेन्सर मात्र मुद्दाम बदलला नव्हता. मीटर चालकाच्या हाती दिला आणि गाडी पाठवली. परतीच्या वाटेवर सेंधव्याच्या अलीकडे दुपारी अडीचला ती बंद पडली. सेल्फवर काटा शून्यावरच होता आणि कपलर काढून मोजले तर मीटर काहीच दाखवत नव्हता. चाळीस मिनिटांनी त्याच दोन पिनांवर ९१० ओहम आले. चालकाने दोन्ही वेळचे फोटो पाठवले आहेत. जुन्याचा क्रमांक दाखवून शिरपूरहून नवा सेन्सर आणला आणि तेथेच बसवला.

त्यानंतर भरलेली गाडी बिजासन घाट दोनदा चढली, दिवा लागला नाही, आणि कोडही पुसून पुन्हा वाचले तर यादी रिकामी आहे. कूलंटचा जुना सेन्सर पेल्यातल्या पाण्यात तपासला. ८० अंशांना ३३०, ६० ला ६००, ४० ला ११८०. तो पुसून, कागदात गुंडाळून केबिनच्या खणात ठेवला आहे.